घरविक्री, दलाल आणि आपली भीड

घर विकत घेणाऱ्याच्या हालअपेष्टांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. बिल्डरने न पाळलेली मुदत, रखडलेला ताबा, कागदावरचे आणि प्रत्यक्षातले क्षेत्रफळ यांतील तफावत, हे विषय वृत्तपत्रांत, विधिमंडळात आणि न्यायालयांत वर्षानुवर्षे गाजले. त्या चर्चेतूनच २०१६ चा स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम जन्मास आला. घर विकणाऱ्याची कथा मात्र कोणी फारशी ऐकून घेतलेली नाही. ज्याच्यापाशी विकावयास घर आहे तो खाऊनपिऊन सुखी असणारच, त्याला कसले आले गाऱ्हाणे, अशी एक समजूत त्यामागे असावी.

ही समजूत वस्तुस्थितीस धरून नाही. हौसेने राहते घर विकणारे थोडे. डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा विकून पुण्यात मुलाजवळ राहावयास जाणारा निवृत्त कारकून, आईवडिलांच्या पश्चात त्यांच्या घराची वाटणी करू पाहणारी तीन भावंडे, इस्पितळाच्या खर्चाने जेरीस आलेले कुटुंब, मोठ्या घराचा सांभाळ न झेपणारी एकटी वृद्धा, असेच लोक बहुधा घर विकावयास काढतात. त्यांच्या जन्माची कमाई त्या चार भिंतींत अडकलेली असते. आणि पुढच्या घराचा विसार, मुलीची फी किंवा कर्जाचा हप्ता त्यांच्यासाठी थांबून राहत नाही. अशा वेळी ज्याच्यावर विसंबून घर बाजारात काढले, तो दलाल महिनोन्‌महिने हालचाल करीत नसेल, तर होणारे नुकसान केवळ गैरसोयीचे नसते. कित्येकदा त्यापायी हातचे दुसरे घर जाते आणि अखेरीस पहिलेही मिळेल त्या किमतीस फुंकावे लागते.

अशा दलालाशी वागावे कसे, हा प्रश्न वरवर पाहता खाजगी आणि किरकोळ वाटतो. तसा तो नाही. या प्रश्नाकडे आपण रागालोभाचा किंवा नशिबाचा प्रश्न म्हणून पाहतो. वस्तुतः तो नेमणुकीचा आणि हिशेबाचा प्रश्न आहे. दलाल हा आपण नेमलेला प्रतिनिधी आहे, ही साधी गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही, आणि त्यामुळे त्याला जाब विचारण्याचा प्रसंग आला की आपली जीभ अडखळते.

दोघांचे हित एक नसते

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दलाल या शब्दास आपल्या भाषेत थोडा कुवास चिकटलेला असला, तरी हा धंदा निरुपयोगी नाही. गिऱ्हाईक शोधणे, त्याची ऐपत आणि निकड जोखणे, बँकेच्या कर्जाचा माग ठेवणे, दोन परक्या माणसांना किमतीच्या एका आकड्यावर आणणे आणि नोंदणी कार्यालयात अंगठे उमटेपर्यंत व्यवहार तुटू न देणे, हे कौशल्याचे काम आहे. ते नीट करणारा मध्यस्थ आपली दलाली चोख कमावतो. प्रश्न आहे तो न करणाऱ्याचा.

असे का घडते, याचे एक कारण दलालीच्या गणितातच दडलेले आहे. समजा, एका घराची रास्त किंमत एक कोटी रुपये आहे आणि दलाली एक टक्का ठरली आहे. घर पूर्ण किमतीस गेले तर दलालास एक लाख रुपये मिळतात. पंच्याण्णव लाखांस गेले तर पंच्याण्णव हजार. घरमालकाचे जवळजवळ पाच लाख बुडाले, दलालाचे बुडाले पाच हजार. आता या पाच हजारांसाठी त्याने आणखी दोन महिने चपला झिजवाव्यात, की पंच्याण्णव लाखांचे गिऱ्हाईक पदरात पाडून दुसऱ्या कामास लागावे? त्याच्या जागी दुसरा कोणी असता तरी त्याने बहुधा दुसराच मार्ग पत्करला असता.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. स्टीव्हन लेविट आणि चॅड सिव्हर्सन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रीचे व्यवहार तपासले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसून आले की, दलालांनी स्वतःची घरे विकली तेव्हा ती तशाच इतर घरांपेक्षा सुमारे साडेनऊ दिवस अधिक बाजारात राहिली आणि त्यांना सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत आली. म्हणजे थांबल्याने किंमत वाढते हे दलालास चांगले ठाऊक असते. फक्त ते ज्ञान तो स्वतःच्या घरासाठी राखून ठेवतो. शिकागो आणि शिवाजीनगर यांत अंतर फार असले, तरी मनुष्यस्वभाव आणि टक्केवारी दोन्हीकडे सारखीच.

आपल्याकडे यात आणखी एक गुंतागुंत आहे. मुंबई-पुण्याकडे जुन्या घराच्या व्यवहारात दलाल बहुधा विकणाऱ्याकडूनही दलाली घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. साधारणतः प्रत्येकाकडून एक ते दोन टक्के, असा रिवाज आहे. एकाला किंमत चढवून हवी असते, दुसऱ्याला उतरवून. आणि दोघांचा विश्वासू एकच! हा रिवाज उघडपणे, दोघांच्या संमतीने पाळला जात असेल तर त्यास कोणी हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु आपला दलाल प्रत्यक्षात कोणासाठी बोलत आहे, हे घरमालकाने पहिल्याच दिवशी विचारून घेतले पाहिजे. पुष्कळांना ते शेवटच्या दिवशी कळते.

काम होत नाही म्हणजे काय?

घर विकले जात नाही, एवढ्यावरून दलाल नालायक ठरत नाही. न्याय करावयाचा तर आधी निदान केले पाहिजे, आणि निदानासाठी तीन गोष्टी पाहाव्यात.

घर पाहावयास कोणीच येत नसेल, तर एक तर घराची माहिती लोकांपर्यंत पोचलेली नाही, नाहीतर सांगितलेली किंमत ऐकूनच लोक परत फिरत आहेत. पुष्कळ लोक येतात, पाहतात, चहा घेतात आणि पुन्हा तोंड दाखवीत नाहीत, असे होत असेल तर दोष बहुधा किमतीत किंवा घराच्या स्थितीत आहे. दलालाने आपले पहिले काम केले आहे. आणि बोलणी ठरून, कागद पाहिल्यावर व्यवहार मोडत असतील, तर दोष कागदांचा आहे. भागपत्र वडिलांच्याच नावावर राहिलेले, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही, जुन्या करारनाम्याची साखळी मध्येच तुटलेली, सोसायटीची थकबाकी डोक्यावर, असे असताना दलाल देवदूत असला तरी काय करणार? कागदांची जुळवाजुळव हे घरमालकाचे काम आहे आणि ते घर बाजारात काढण्यापूर्वी झाले पाहिजे.

किमतीच्या बाबतीत तर आपण स्वतःशीही प्रामाणिक नसतो. ज्या घरात मुले वाढली, त्या घराची किंमत आपण आठवणींसकट लावतो. घेणारा मात्र फक्त चौरस फूट मोजतो. शेजारच्या इमारतीतील घर अमुक किमतीस गेले, ही बातमी जिन्यात ऐकून विश्वास ठेवण्याजोगी नसते. शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाकडे प्रत्येक नोंदलेल्या व्यवहाराची सूची क्रमांक दोन उपलब्ध असते आणि ती आता संगणकावरून घरबसल्याही शोधता येते. आपल्याच गल्लीतील चार-सहा व्यवहारांचे आकडे काढून पाहिले, की दलालाचा अंदाज आणि आपली अपेक्षा या दोहोंची परीक्षा होते.

ऋतुमानाचाही विचार हवा. पितृपक्षात घराची बोलणी करावयास लोक आजही कचरतात. दसरा, पाडवा जवळ आला की तेच लोक घाई करतात. शासनाच्या धोरणानेही बाजार हलतो. २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क पाचावरून दोन टक्क्यांवर आणले गेले आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत ते तीन टक्के ठेवले गेले, तेव्हा नोंदणी कार्यालयांत रीघ लागली होती. त्या महिन्यांत ज्या दलालांनी भराभर घरे विकली ते सगळेच कर्तबगार होते असे नाही, आणि मंदीत ज्यांची घरे अडली ते सगळेच आळशी होते असेही नाही.

परंतु हे सारे तपासूनही काही लक्षणे अशी उरतात की ज्यांचा अर्थ एकच होतो. घर मिळवण्यासाठी प्रारंभी भरमसाट किंमत सांगावयाची आणि मग दर पंधरवड्यास ‘बाजार पडला आहे’ म्हणत मालकास खाली आणावयाचे. आपण होऊन कधी फोन करावयाचा नाही. गिऱ्हाईक येऊन काय म्हणाले हे सांगावयाचे नाही. अन्य मध्यस्थाने आणलेले गिऱ्हाईक दलाली वाटावी लागेल म्हणून दारातूनच परतवावयाचे. आणि सर्वांत वाईट म्हणजे, आलेला देकार मालकाच्या कानावरच घालावयाचा नाही. हा आळस नव्हे. हा कर्तव्यभंग आहे.

दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा

कर्तव्यभंग हा शब्द येथे सहज योजलेला नाही. दलालाचे कर्तव्य कोणते, हे आपल्या देशात १८७२ सालीच लिहून ठेवले गेले आहे. भारतीय करार अधिनियमाचे दहावे प्रकरण प्रतिनिधी आणि त्याचा धनी यांच्या संबंधांविषयी आहे. त्याची भाषा जुनी असली तरी त्यातील न्याय आजच्या घरमालकासही पुरेसा पडावा असा आहे.

कलम २१२ सांगते की, प्रतिनिधीने त्या धंद्यातील माणसांच्या अंगी सामान्यतः असते तितक्या कौशल्याने आणि वाजवी दक्षतेने काम केले पाहिजे. त्याच्या हयगयीमुळे थेट झालेल्या नुकसानीची भरपाई त्याने दिली पाहिजे. कलम २१३ नुसार धन्याने मागताच हिशेब देणे त्याला भाग आहे. अडचणीच्या प्रसंगी धन्याशी संपर्क साधून त्याच्या सूचना घेण्यासाठी त्याने वाजवी खटपट केली पाहिजे, असे कलम २१४ म्हणते. धन्याच्या संमतीवाचून त्याने त्याच व्यवहारात स्वतःचा सौदा साधला आणि महत्त्वाची गोष्ट लपवली, किंवा तो सौदा धन्यास तोट्याचा ठरला, तर धन्याला तो व्यवहार नाकारता येतो. आणि अशा चोरट्या सौद्यात मिळालेल्या नफ्यावर धन्याचा हक्क पोचतो. वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत मोबदला देय होत नाही, हे कलम २१९ मध्ये आहे. आणि कामात गैरवर्तन करणाऱ्यास त्या भागाचा मोबदला मागता येत नाही, हे त्याच्या पुढच्याच कलमात.

याच्या जोडीला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आहे. मोबदला दिलेला असो किंवा नुसता कबूल केलेला असो, सेवा घेणारा तो ग्राहक, अशी त्याची व्याख्या आहे. आणि संबंधित माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हा सेवेतील उणिवेचाच एक प्रकार त्या कायद्याने मानला आहे. आलेला देकार दाबून ठेवणाऱ्या दलालास हे वाक्य एकदा वाचून दाखवावयास हरकत नाही.

मग कायद्याची ही सारी शस्त्रे असून घरमालक हतबल का? कारण उघड आहे. करार तोंडी झालेला असतो. तोंडी नेमणूक कायद्यास अमान्य आहे असे नाही; पण काय ठरले होते, किती मुदत होती, कोणते काम अंगावर घेतले होते, हे सिद्ध करावयाचे कशाच्या जोरावर?

भीड भिकेची बहीण

आणि करार तोंडी का होतो, तर भिडेपोटी. दलाल बहुधा सोसायटीतील कोणाचा तरी मेहुणा असतो, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा स्नेही. ‘काका, आपल्या माणसांत कागद कशाला?’ असे तो म्हणतो आणि काकांना तो कागद पुढे करणे असभ्यपणाचे वाटू लागते. हेच काका भाजीच्या पेंडीसाठी एक रुपया घासाघीस करतात. ऐंशी लाखांच्या मालमत्तेचा कारभार मात्र एका हसऱ्या चेहऱ्यावर सोपवतात. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे ते अशाच प्रसंगांसाठी.

कागद म्हणजे अविश्वास नव्हे. प्रामाणिक दलालासही त्याने संरक्षणच मिळते, हे विसरू नये. आठवडे-आठवडे गिऱ्हाइके हिंडवून शेवटी घेणारा आणि विकणारा परस्पर गाठ घालतात आणि दलाली बुडवतात, ही त्या धंद्याची जुनी आणि पुष्कळ अंशी खरी तक्रार आहे. आपल्या हक्काविषयी चोखंदळ असणाऱ्या मध्यमवर्गाने या बाबतीत स्वतःचे वर्तनही तपासून पाहावे. ज्याच्या श्रमाने व्यवहार जुळला त्याला त्याचे दाम मिळालेच पाहिजे; न्यायालयेही अशा वादात मध्यस्थाचा प्रयत्न हे व्यवहाराचे खरे कारण होते काय, हेच पाहतात.

म्हणून नेमणुकीचे एक पानी पत्र असावे. मुदत साठ किंवा नव्वद दिवसांची; त्याहून लांबची नको. मागावयाची किंमत, दलालीचा दर, त्यावर वस्तू व सेवा कर लागणार असेल तर तो कोणी भरावयाचा, आणि दलाली केव्हा देय होणार, विसारास नव्हे तर विक्रीखताच्या नोंदणीस, हे त्यात स्पष्ट लिहावे. दलाल घेणाऱ्याकडूनही पैसे घेणार आहे काय, याचा खुलासा असावा. दर आठवड्यास कोण येऊन गेले, काय म्हणाले आणि काय देकार दिला, याची लेखी माहिती मिळावी. त्यासाठी मोबाइलवरचा चार ओळींचा संदेशही पुरे. आणि दलालीची पावती देण्याची अट घालावी, कारण घरविक्रीच्या नफ्यावरील प्राप्तिकराचा हिशेब करताना विक्रीसाठी झालेला हा खर्च वजा करता येतो. बिनपावतीच्या रोख दलालीस तेथे पुरावा राहत नाही.

एकच दलाल नेमावा की अनेक, याविषयी मतभेद आहेत. ‘सगळ्यांना सांगून ठेवा, कोणीतरी गिऱ्हाईक आणीलच’ हा सर्वसाधारण सल्ला. त्याचा परिणाम पुष्कळदा बारभाईंच्या कारभारासारखा होतो. एकच घर तीन जाहिरातींत तीन किमतींस झळकते. घेणाऱ्यास वाटते की मालक अडला आहे. आणि कोणत्याही एका दलालास खटपट करण्याचा हुरूप राहत नाही, कारण आपण पेरावे आणि दुसऱ्याने कापावे ही धास्ती त्याला असते. थोड्या मुदतीसाठी एकास पुरा अधिकार द्यावा, त्याच्याकडून पुरा हिशेब घ्यावा आणि मुदत सरताच फेरविचार करावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

निरोप द्यावा तो कसा

इतके करूनही दलाल हलत नसेल, तर काय करावे? प्रथम समोर बसवून हिशेब मागावा. जाहिरात कोठे दिली, किती चौकश्या आल्या, किती जणांनी घर पाहिले, नकाराची कारणे काय, हे चार प्रश्न पुरेत. काम करणाऱ्या माणसाजवळ त्यांची उत्तरे तयार असतात. ज्याच्याजवळ ती नसतात त्याला पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी आणि तेवढ्या अवधीत काय झाले पाहिजे हे तीत नमूद करावे. या एका पत्राने पुष्कळ दलाल जागे होतात, असा लोकांचा अनुभव आहे. आणि जे होत नाहीत त्यांच्याविषयीचा निर्णय सोपा होतो.

तो निर्णय म्हणजे अधिकार काढून घेणे. प्रतिनिधीचा अधिकार त्याने धन्यास बांधील करणारा व्यवहार करण्यापूर्वी केव्हाही रद्द करता येतो, असे करार अधिनियमाचे कलम २०३ सांगते. मात्र ठरलेली मुदत बाकी असताना पुरेशा कारणाशिवाय तसे केल्यास भरपाई द्यावी लागते, आणि वाजवी पूर्वसूचना दिली पाहिजे, हेही पुढच्या कलमांत आहे. म्हणूनच आधीच्या सूचनापत्राचे आणि मागितलेल्या हिशेबाचे महत्त्व. कारण कागदावर असले की ते पुरेसे होते किंवा नाही यावर वाद घालता येतो; मनात असले की तोही येत नाही.

निरोप तोंडी देऊ नये. तो त्याला कळल्यापासूनच लागू होतो, आणि तिऱ्हाइताच्या बाबतीत तिऱ्हाइतास कळल्यापासून. तेव्हा पत्र पोचल्याची खूण ठेवावी, सोसायटीच्या कार्यालयास आणि पहारेकऱ्यास कळवावे, जाहिराती काढून घ्यावयास लावाव्यात, किल्ल्या परत घ्याव्यात. त्याने ज्यांना घर दाखवले त्यांच्या नावांची यादी त्याच्याकडून लिहून घ्यावी. पुढे त्यांपैकीच कोणी घर घेतले तर त्याच्या दलालीचा प्रश्न सचोटीने सोडवता येतो. आणि यादीबाहेरच्या गिऱ्हाइकावर त्याला हक्क सांगता येत नाही. हे न केल्यास नव्या दलालाने घर विकल्यावर जुना दारात उभा राहतो आणि दोनदा दलाली देण्याची पाळी येते.

दोन धोक्यांची सूचना येथे आवश्यक आहे. मूळ कागदपत्रे दलालाच्या हाती कधीही देऊ नयेत, छायाप्रती पुरतात. आणि ‘तुमची धावपळ नको’ म्हणून तो कुलमुखत्यारपत्र मागू लागला, किंवा स्वतःच विसार पुढे करून तुमच्याशी परस्पर करार करू पाहू लागला, तर सावध व्हावे. मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लँप खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे; तरीही त्या कागदाच्या जोरावर घरमालकास वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढावयास लावता येते. शिवाय प्रतिनिधीचा स्वतःचाच हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतला, तर त्या हितास बाधा येईल अशा रीतीने त्याची नेमणूक सहजासहजी संपवता येत नाही, असे कलम २०२ म्हणते. म्हणजे ज्याला काढावयाचे तोच कायमचा चिकटून बसतो.

शासनाने करावयाचे काम

येथवर घरमालकाच्या कर्तव्याचा विचार झाला. परंतु वयाच्या सत्तराव्या वर्षी प्रथमच घर विकावयास निघालेल्या माणसाने कायद्याची कलमे पाठ करून बाजारात उतरावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. जेथे एका बाजूस रोजचा खेळाडू आणि दुसऱ्या बाजूस एकदाच खेळणारा असतो, तेथे पंच लागतो.

हा पंच आपल्याकडे अर्धाच नेमला गेला आहे. २०१६ च्या अधिनियमाने मध्यस्थांस नोंदणीची सक्ती केली, हिशेबाची पुस्तके ठेवण्यास आणि अनुचित प्रथा टाळण्यास बजावले, आणि नोंदणीवाचून धंदा करणाऱ्यास दर दिवशी दहा हजार रुपये, एकूण किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत, दंडाची तरतूद केली. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने २०२३ मध्ये याहून पुढे जाऊन दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक ठरवली. ही पावले स्वागतार्ह होत. परंतु ही सक्ती आहे ती नोंदणीकृत प्रकल्पांतील घरांच्या व्यवहारापुरती. तीस वर्षांपूर्वीच्या सहकारी सोसायटीतील सदनिका विकून देणाऱ्या माणसास ना नोंदणी लागते, ना परीक्षा. बिल्डरचे घर विकणारा दलाल शासनास उत्तरदायी, आणि निवृत्त शिक्षकाचे घर विकणारा कोणासही नाही, हा भेद कोणत्या न्यायात बसतो?

इंग्लंडमध्ये इस्टेट एजंटांविषयीचा कायदा १९७९ साली झाला. आपली फी किती आणि ती केव्हा द्यावी लागेल हे आधीच सांगणे, व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असल्यास तो उघड करणे, ही बंधने त्याने घातली. आणि २००८ पासून राहत्या घरांचे व्यवहार करणाऱ्या प्रत्येक एजंटास तक्रारनिवारणाच्या मान्यताप्राप्त योजनेचे सभासद होणे भाग पडले. तेथे घर नवे की जुने, हा प्रश्न विचारला जात नाही. महाराष्ट्र शासनाने याहून मोठे काही करावे अशी मागणी नाही. जुन्या घरांच्या दलालांस नोंदणीच्या कक्षेत आणावे. नेमणुकीच्या पत्राचा एक सोपा मराठी नमुना प्रसिद्ध करावा. प्रत्येक देकार लेखी कळवण्याचे आणि दलालीची पावती देण्याचे बंधन घालावे. यासाठी तिजोरीवर भार पडावयाचा नाही, आणि सरळ मार्गाने धंदा करणाऱ्या दलालांचा त्यास विरोधही असण्याचे कारण नाही. बेभरवशाच्या सोबत्यांमुळे त्यांचीच पत जात असते.

हे होईल तेव्हा होवो. तोवर घरमालकाचे संरक्षण त्याच्या स्वतःच्या हाती आहे, आणि ते फार अवघडही नाही. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे चार दिवसांचे खाडे आपण कॅलेंडरवर न चुकता मांडतो. आयुष्यभराच्या कमाईचा व्यवहार ज्याच्या स्वाधीन केला, त्याचेही खाडे कोठेतरी मांडून ठेवण्याचा संकोच आता सोडला पाहिजे.